गुणनियंत्रण निरीक्षकाची सही

(नवागाम, सुरत येथील मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या भाषणाची संहिता)



उधना, लिंबायत, दिंडोली आणि नवागाम हा सुरत शहराचा पट्टा खानदेशाला परका नाही. धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांतून भुसावळ–सुरत लोहमार्गाने आलेली हजारो कुटुंबे येथे स्थिरावली. घरात आहिराणी, शाळेत मराठी आणि बाजारात गुजराती असा तीन भाषांचा व्यवहार येथील मुले लीलया करतात. यांतील पुष्कळशा घरांची चूल यंत्रमागावर पेटते. साहजिकच 'तपासणी' हा शब्द येथे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. विणलेला ताका टेबलावरून उजेडासमोर ओढला जातो. तुटलेली तार, तेलाचा डाग, विरळ पडलेली पट्टी नजरेत भरते. दोष निघाला की मालाचा भाव उतरतो आणि क्वचित विणणाऱ्याच्या मजुरीलाही कात्री लागते. नुकसान होते, वाद होतात. तथापि डाग पडलेली साडी नेसल्यामुळे कोणाचा प्राण जात नाही.

मोटारीच्या ब्रेकमधील पिन मात्र सदोष निघाली, तर ते कळते घाटात, उतारावर. आणि ज्याला कळते त्याला कारखान्यातील कोणाचेही नाव ठाऊक नसते. कापडाची तपासणी आणि वाहनाच्या भागांची तपासणी यांतील मुख्य अंतर हेच होय. वाहन उद्योगात ज्याला गुणनियंत्रण निरीक्षक म्हणतात, कारखान्यातल्या भाषेत ज्याला नुसते 'क्यू.सी.वाला' म्हणतात, त्याच्या कामाचा विचार या दृष्टीने व्हावयास हवा.

सुरत हे वाहननिर्मितीचे केंद्र नव्हे. परंतु येथून हलोल, साणंद किंवा हंसलपूर गाठणे अवघड नाही, आणि खानदेशी माणसाला नाशिक, पुणे व छत्रपती संभाजीनगर तर घरच्यासारखीच. या कारखान्यांचा इतिहासही बोधप्रद आहे. हलोल येथे १९९६ पासून जनरल मोटर्सच्या गाड्या तयार होऊ लागल्या. २०१७ मध्ये ते उत्पादन थांबले आणि २०१९ पासून त्याच जागी एम. जी. मोटरच्या गाड्या निघू लागल्या. साणंदला टाटा मोटर्सच्या नॅनो प्रकल्पाचे उद्घाटन २०१० मध्ये झाले. तेथेच फोर्डने २०१५ मध्ये कारखाना सुरू केला, २०२१ मध्ये भारतातील उत्पादन बंद करण्याची घोषणा केली, आणि जानेवारी २०२३ मध्ये तो कारखाना टाटांच्या कंपनीकडे आला. हंसलपूरला सुझुकीचे उत्पादन २०१७ मध्ये सुरू झाले. फाटकावरची पाटी बदलते, मालक बदलतात. मायक्रोमीटर वाचण्याची विद्या मात्र पाटीवर अवलंबून नसते. एका कारखान्यात शिकलेला निरीक्षक दुसऱ्या कारखान्यात पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतो. या व्यवसायाचे हे एक मोठे बळ आहे.

एका वाहनात सुटे भाग किती असतात हे वाहनाच्या प्रकारावर व मोजण्याच्या पद्धतीवर ठरते. समजुतीसाठी दोन हजार भागांचे एक वाहन धरू. प्रत्येक भाग बनविणारा अत्यंत कसोशीने काम करतो आणि हजार नगांत केवळ एक नग सदोष निघतो, असेही धरू. हजारांत एक म्हणजे कोणत्याही कारागिराने छाती फुगवावी असे प्रमाण. परंतु गणित केले तर असे दिसते की, अशा भागांपासून जोडलेल्या शंभर वाहनांपैकी ज्यांत एकही सदोष भाग नाही अशी वाहने तेरा-चौदाच निघतील. उरलेल्या सर्वांत कोठे ना कोठे एखादा तरी दोष दडलेला असेल. म्हणूनच या उद्योगात सदोष नगांचे मोजमाप शेकड्यावर न करता दहा लाखांवर करतात. बाहेरच्या माणसाला निरीक्षकाचा काटेकोरपणा चिकटपणा वाटतो. त्यामागे हा हिशेब आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. बाहेरून आलेला कच्चा माल व सुटे भाग तपासणे ही आवक तपासणी. यंत्रावर काम चालू असताना ठरावीक अंतराने फिरून नग उचलणे व मोजणे ही चालू कामाची तपासणी. माल पाठविण्यापूर्वीची ती अंतिम तपासणी. पुस्तकात या तिन्हींना सारखीच पाने मिळतात; परंतु जाणकारांना विचारले तर ते पहिल्या नगाच्या मंजुरीला सर्वाधिक महत्त्व देतात. पाळी सुरू झाली, हत्यार बदलले किंवा यंत्राची मांडणी बदलली, की निघणारा पहिला नग निरीक्षकाकडे येतो. ड्रॉइंगवरील प्रत्येक माप तो घेतो, नोंदवतो आणि सही करतो. ती सही होईपर्यंत यंत्र थांबलेले असते. त्या दहा-पंधरा मिनिटांत यंत्रचालक, पर्यवेक्षक आणि कधीकधी व्यवस्थापकसुद्धा त्याच्या खांद्यावरून डोकावत असतात. घाईत एखादे माप सोडून दिले, तर सकाळपर्यंत पाचशे नग त्याच चुकीचे निघतात. कारण यंत्र मोठे इमानी असते, चूकही ते तितक्याच इमानाने पुन्हा पुन्हा करते.

त्याची साधनेही पाहण्यासारखी आहेत. व्हर्निअर कॅलिपर, मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखविणारा मायक्रोमीटर, डायल गेज, उंची मोजण्याचे गेज आणि सपाट ग्रॅनाइटचे टेबल. भोक तपासण्यासाठी दोन टोकांचे प्लग गेज असते. एक टोक भोकात गेलेच पाहिजे, दुसरे जाताच कामा नये. म्हणून त्यांना 'गो' आणि 'नो-गो' अशीच नावे आहेत. हे साधन इतके सोपे आहे की नवख्यालाही पाच मिनिटांत वापरता येते, आणि धोका नेमका त्या सोपेपणातच आहे. 'गो' टोक दिवसातून शेकडो भोकांत जाते-येते व झिजते. झिजून बारीक झाले की ते ड्रॉइंगपेक्षा लहान असलेल्या भोकातही सुखाने शिरते आणि लहान भोके मंजूर होऊ लागतात. निरीक्षक प्रामाणिक, नोंदवही स्वच्छ, तरी माल चुकीचा! गेजवर लावलेली पुढील तपासणीच्या तारखेची चिठ्ठी प्रथम वाचावी आणि मगच गेज हातात घ्यावे, ही सवय म्हणून लावून घ्यावी लागते.

उष्णतेचाही मोठा भाग आहे. मापनासाठी जगभर मान्य झालेले प्रमाण तापमान २० अंश सेल्सियस आहे. सुरतेत किंवा जळगावात वैशाखात पारा कोठे असतो हे कोणाला सांगावयास नको. यंत्रावरून नुकताच उतरलेला नग तर त्याहूनही तापलेला असतो. शंभर मिलिमीटर लांबीचा पोलादी नग वीस अंशांनी तापला, तर त्याची लांबी सुमारे ०.०२३ मिलिमीटरने वाढते. ड्रॉइंगने एकूण सूट ०.०२ मिलिमीटरच दिलेली असेल, तर गरम असताना योग्य भरलेला नग थंड झाल्यावर बाद ठरतो, आणि बाद ठरविलेला योग्य निघतो. मापनकक्ष वातानुकूलित ठेवतात तो साहेबांच्या सुखासाठी नव्हे. नग तेथे नेऊन काही काळ तसाच ठेवायचा, मग मोजायचा. घाई झालेल्या पर्यवेक्षकाला हा 'काही काळ' फार खटकतो.

नाशिकच्या ज्या कारखान्याला जुनी माणसे अद्याप 'मायको' म्हणतात आणि ज्या कंपनीचे नाव २००८ मध्ये बॉश असे झाले, तेथे डिझेल इंजिनात इंधन फवारणाऱ्या नोझल तयार होऊ लागल्या, तेव्हा उत्तर महाराष्ट्रातील कितीतरी तरुणांची सूक्ष्म मापनाशी पहिली गाठ पडली. अशा नोझलमधील सुई आणि तिचे घर यांच्यातील मोकळीक साधारणतः दोन ते चार मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. शेतात विळा-खुरपे चालविणाऱ्या कुटुंबातील मुलगा केसाच्या विसाव्या भागाबद्दल जबाबदारीने बोलू लागतो, ही गोष्ट कोणत्याही उद्घाटन समारंभापेक्षा मोठी मानावी लागेल.

पुण्याजवळ पिंपरी येथे टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९६६ मध्ये पाय रोवले. त्या प्रकल्पाचे सूत्रधार सुमंत मूळगावकर होते. त्यांनी मालमोटारी काढण्याची घाई केली नाही. आधी यंत्रे व हत्यारे बनविण्याचा विभाग उभा केला, कारागीर घडविले. पुण्यात तयार झालेले पहिले व्यापारी वाहन बाहेर पडले ते १९७७ मध्ये. अकरा वर्षे पाया भरण्यात गेली. मूळगावकरांबद्दल असे सांगतात की, दुपारच्या जेवणाच्या वेळी ते महामार्गावरच्या ढाब्यावर जात आणि मालमोटारींच्या चालकांबरोबर बसून गाडीचे गुणदोष ऐकून घेत. तपासणी कारखान्याच्या फाटकाशी संपत नाही, हे त्यांना उमगले होते. पुढे 'सुमो' हे गाडीचे नाव त्यांच्याच नावातील आद्याक्षरांवरून ठेवले गेले. ती गाडी वापरणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

याच टेल्कोच्या एका जाहिरातीत १९७४ साली स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे छापले होते, आणि एका तरुण अभियंता मुलीने थेट जे. आर. डी. टाटा यांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला होता, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. ती मुलगी म्हणजे पुढे लेखिका म्हणून प्रसिद्धीस आलेल्या सुधा मूर्ती. त्यांना नोकरी मिळाली. आज वाहन उद्योगात तपासणीच्या टेबलापाशी मुली मोठ्या संख्येने दिसतात. नवागामच्या ज्या घरांत मुलीने साडीवर टिकल्या लावाव्यात एवढीच अपेक्षा असते, त्या घरांनी या वस्तुस्थितीची नोंद घ्यावी.

गुणनियंत्रणाचे शास्त्र कसे जन्मले हेही थोडक्यात पाहू. अमेरिकेत १९२४ मध्ये वॉल्टर शूहार्ट यांनी नियंत्रण आलेखाची कल्पना मांडली. ठरावीक अंतराने घेतलेली मापे कागदावर टिंबांनी मांडावयाची आणि टिंबांची ओळ वरच्या किंवा खालच्या रेषेकडे सरकू लागली की नग बिघडण्याआधीच यंत्राकडे पाहावयाचे, ही ती युक्ती. प्राध्यापक प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या पुढाकाराने शूहार्ट स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात येऊन गेले, आणि भारतीय सांख्यिकी संस्थेच्या द्वारे हे तंत्र कारखान्यांपर्यंत पोहोचू लागले. विशेष म्हणजे आपल्याकडे ते लवकर रुजले ते कापडगिरण्यांत. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या अहमदाबादच्या 'अटिरा' या संशोधन संस्थेचा त्यात मोठा वाटा आहे. तेव्हा तपासणीच्या विद्येत कापड हा मोटारीचा थोरला भाऊ ठरतो. मागावर नजर तयार झालेल्या माणसाने स्वतःला या क्षेत्रात अडाणी समजण्याचे कारण नाही.

याच शास्त्राच्या पुढच्या पिढीने निरीक्षकाच्या अस्तित्वावरच बोट ठेवले. एडवर्ड्स डेमिंग यांचे म्हणणे असे की, तयार माल तपासून गुणवत्ता येत नाही. ती करण्याच्या पद्धतीत असावी लागते. जपानमध्ये शिगेओ शिंगो यांनी तर चूक करताच येऊ नये अशा सोप्या युक्त्यांचा प्रसार केला. उलटा बसविला तर बसणारच नाही असा भाग, भोक पाडले नसेल तर पुढे सरकूच न देणारी खुंटी, या त्यांतल्याच. आता कॅमेरे व संगणकही टेबलापाशी आले आहेत. मग निरीक्षक हवा कशाला, असा प्रश्न विचारला जातो. तो चुकीचा नाही. हजार नग एकामागून एक डोळ्याने पाहणारा माणूस दमतो, आणि दमलेल्या माणसाच्या हातून दोष निसटतात. शंभर टक्के तपासणी म्हणजे शंभर टक्के पकड नव्हे. ज्या कामात केवळ डोळा लागतो ते काम यंत्राकडे जाणार. परंतु 'हा माल जाणार नाही' असे म्हणून त्याखाली स्वतःचे नाव लिहिणे हे काम कॅमेऱ्याकडे सोपविता आलेले नाही.

या नावाची, या सहीची किंमत किती असते, त्याचे उदाहरण २०१७ मध्ये जपानमध्ये घडले. तेथील नियमानुसार देशात विकावयाच्या मोटारींची अंतिम तपासणी कंपनीने अधिकृत ठरविलेल्या निरीक्षकानेच करावयाची असते. निस्सान कंपनीच्या कारखान्यांत ती तपासणी अधिकृत नसलेली माणसेही करीत होती असे उघड झाले. तपासणीपत्रावर शिक्का मात्र अधिकृत निरीक्षकाचा उमटत होता. तो उसना दिला-घेतला जात होता. चौकशीत असेही दिसले की, तोचिगी येथील कारखान्यात ही प्रथा १९७९ पासून चालू असावी. सुमारे बारा लाख मोटारी पुन्हा तपासणीसाठी बोलवाव्या लागल्या. त्याच महिन्यात सुबारू कंपनीतही असाच प्रकार असल्याचे जाहीर झाले. आता त्या साऱ्या मोटारी सदोष होत्या असे मुळीच नव्हे. त्या जपानी मोटारी होत्या आणि बहुधा उत्तमच होत्या. प्रश्न मोटारींचा नव्हताच. ज्या शिक्क्यावर विसंबून माणूस आपल्या मुलाबाळांना गाडीत बसवितो, त्या शिक्क्यामागे ठरलेला माणूस उभा नव्हता, हा प्रश्न होता. चौकशीत कारण म्हणून निरीक्षकांची अपुरी संख्या आणि कारखाना व वरिष्ठ व्यवस्थापन यांच्यातील दुरावा पुढे आला. लबाडीने नव्हे, तर माणसे कमी आणि काम जास्त म्हणून शिक्का उसना दिला गेला. ही गोष्ट आपल्याकडील कोणत्याही पाळीवर उद्या घडू शकते.

ती कशी घडते? रात्रीचे दोन वाजलेले असतात. माल नेणारा ट्रक दाराशी उभा असतो. तो सकाळी पोहोचला नाही तर पुढच्या कारखान्याची जुळणीची साखळी थांबणार असते. तीनशे नगांच्या घमेल्यातून उचललेल्या पाच नगांपैकी दोन नगांचे भोक शतांश मिलिमीटरने मोठे भरते. पर्यवेक्षक ओरडत नाही, तो खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, "भाऊ, एवढ्याने काय होतंय? चालवून घे." खरे पाहता, एवढ्याने कदाचित काहीच होणार नाही. ड्रॉइंग काढणाऱ्याने थोडी जास्तीची सुरक्षितता धरलेलीच असते. परंतु किती धरली आहे हे पर्यवेक्षकाला ठाऊक नसते आणि निरीक्षकालाही नसते. ते ज्याला ठाऊक आहे, त्याला विचारण्याची सोय शिस्तीच्या कारखान्यांत असते. तिला विचलन मंजुरी म्हणतात. माप किती, फरक किती, नग किती, हे लिहून आरेखन विभागाकडे पाठवावयाचे. त्यांनी होकार लिहून दिला तर तेवढेच नग, तेवढ्याच वेळेपुरते जातात. तोपर्यंत मालावर लाल चिठ्ठी आणि माल कुलपात. म्हणजे निरीक्षकाला भांडण करावे लागत नाही. त्याने 'नाही' म्हणण्याऐवजी 'लिहून द्या' म्हणावयाचे असते. अनुभवी माणसे सांगतात की, हे दोन शब्द उच्चारताच निम्मे आग्रह विरून जातात.

येथे एक अवघड गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. टेबलापाशी उभा असलेला हा तरुण पुष्कळदा शिकाऊ उमेदवार किंवा कंत्राटदाराचा माणूस असतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने मुलांना कारखान्यात शिरण्याची वाट करून दिली, विद्यावेतनाची तरतूद केली, ही मोलाची गोष्ट आहे. परंतु शिकाऊ म्हणजे शिकणारा. ज्याची मुदत पुढच्या महिन्यात संपणार आहे, ज्याची मुदतवाढ त्याच पर्यवेक्षकाच्या शिफारशीवर आहे, त्याच्याकडून रात्री दोन वाजता ताठ कण्याची अपेक्षा करावयाची आणि त्याची सही निर्णायक मानावयाची, हे न्यायाचेही नाही आणि शहाणपणाचेही नाही. ज्या कारखान्यांत गुणनियंत्रण विभाग उत्पादन प्रमुखाच्या हाताखाली न ठेवता स्वतंत्रपणे वरिष्ठांना जबाबदार असतो, तेथे माल परत येण्याचे प्रसंग कमी येतात यात नवल नाही. नगामागे मजुरी घेणारा आणि नग अडविणारा यांचा धनी एकच असला, तर नग अडत नाही. यंत्रमागावर आयुष्य काढलेल्यांना हे अधिक फोड करून सांगण्याची आवश्यकता नाही.

पूर्वी आपल्याकडे निरीक्षकाचे फारसे चालत नसे, याला बाजारही कारण होता. स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. हाती येईल ती स्कूटर घरी नेऊन कुंकू लावीत आणि किरकोळ दोष गल्लीतल्या मेस्त्रीकडून काढून घेत. गिऱ्हाईक निवड करू लागले, १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली, जपानी सहकार्याने दुचाक्या निघू लागल्या आणि १९९१ नंतर दारे उघडली, तेव्हा चित्र बदलले. १९९८ मध्ये तमिळनाडूतील सुंदरम-क्लेटनच्या ब्रेक विभागाला आणि २००३ मध्ये महिंद्रच्या ट्रॅक्टर विभागाला जपानचे डेमिंग पारितोषिक मिळाले. ज्या देशात स्कूटर मिळणे हेच भाग्य होते, त्या देशाच्या दृष्टीने हा पल्ला लहान नाही.

कायदाही मागोमाग आला. सदोष वाहने कंपनीने आपणहून परत बोलवावीत असा संकेत वाहन उत्पादकांच्या संघटनेने २०१२ मध्ये स्वीकारला. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने ती वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. येथे निरीक्षकाच्या नोंदवहीचे खरे मोल कळते. एखाद्या गाडीच्या स्टिअरिंगचा सांधा तुटला, तर त्या सांध्यावरील तुकडी क्रमांकावरून कोणत्या दिवशी, कोणत्या पाळीत, कोणत्या पोलादाच्या ओतावातून तो बनला हे शोधता येते. आणि त्या दिवशीची मापे खरी लिहिलेली असतील तर आठशे गाड्या बोलावून भागते. नोंदवहीत दिवसभर एकच सुबक आकडा रकान्याखाली रकाना भरून लिहिलेला असेल, तर संशय सर्वांवर जातो आणि ऐंशी हजार गाड्या बोलवाव्या लागतात. खरी मापे कधी एकसारखी नसतात. ती थोडी वर, थोडी खाली अशीच येतात. सरावलेला लेखापरीक्षक अति नीटनेटके पान पाहून सावध होतो ते यामुळेच.

देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुसंख्य अपघात वेगाचे, बेफिकिरीचे व रस्त्यांच्या दुरवस्थेचे बळी होत. त्यांचे खापर कारखान्यांवर फोडणे योग्य होणार नाही. परंतु चालकाने वेळेवर ब्रेक दाबला असता तो लागावा, एवढी हमी तरी गाडीने दिली पाहिजे.

या कामाकडे येण्याचा मार्ग खडतर नाही. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटर, टर्नर किंवा मशिनिस्ट या व्यवसायांचे शिक्षण घेतलेला, अथवा यंत्र अभियांत्रिकीची पदविका मिळविलेला विद्यार्थी त्याला पात्र ठरतो. अहमदाबाद आणि छत्रपती संभाजीनगर येथील इंडो-जर्मन टूल रूममध्ये सूक्ष्म मापनाचे व हत्यारनिर्मितीचे चांगले शिक्षण मिळते. ड्रॉइंग वाचता येणे ही पहिली अट. दशांश अपूर्णांकांची भीती नसणे ही दुसरी. इंग्रजी बोलता आले नाही तरी प्रारंभी अडत नाही, मात्र मापे व शेरे लिहिण्यापुरते ते लवकर शिकून घ्यावे. पगार सुरुवातीला बेताचा असतो, पाळ्या फिरत्या असतात आणि दिवसाचे आठ तास उभे राहावे लागते, हेही आधीच सांगितलेले बरे.

निवडीच्या वेळी पुष्कळ ठिकाणी उमेदवाराच्या हाती एक गोल नग आणि मायक्रोमीटर देतात व व्यास विचारतात. काही मुले एकदाच मोजून झटकन उत्तर देतात. जाणकार मुलगा आधी मायक्रोमीटर बंद करून शून्य जुळते का ते पाहतो, नग फडक्याने पुसतो, नग फिरवून दोन-तीन जागी मोजतो आणि मापे वेगवेगळी आली तर वेगवेगळीच सांगतो. तो नग बहुतेक वेळा मुद्दाम किंचित लंबगोल निवडलेला असतो.